अकरावा तुकडा

तिर्झाबाईंनी दहा तुकडे लपवले होते आणि मुलांना अकरा सापडले.

सोमवारची सकाळ. बालवाडीच्या अंजीर वर्गातल्या अठरा मुलांच्या एका हातात लाकडी चमचा होता, दुसऱ्या हातात बागेतून वेचून आणलेलं काकाकुव्याचं पांढरं पीस, आणि गळ्यात स्वतः रंगवलेली कागदी पिशवी. ज्यूंचा पेसाहचा सण आठवड्यावर आला होता. सणाच्या आठ दिवसांत घरात खमिराचा कण राहता कामा नये. पाव नको, बिस्किट नको, शेवया नकोत. गव्हाच्या पिठाला पाणी लागून जे जे फुगतं, ते काही नको. म्हणून सणाच्या आधी घरातलं कुणीतरी पावाचे दहा तुकडे कागदात गुंडाळून लपवतं आणि बाकीचे ते हुडकून, पिसानं चमच्यात लोटून पिशवीत भरतात. शोधणाऱ्याची झोळी रिकामी राहू नये, एवढ्यासाठी पूर्वजांनी करून ठेवलेली ही सोय. वर्गात त्याच खेळाचा सराव चालला होता.

दहा पुड्या टेबलावर ओळीनं मांडून झाल्या आणि नाफ्ताली नावाचा मुलगा अकरावा तुकडा घेऊन आला. त्याला कागद नव्हता. जर्दाळूचा जॅम लागलेली टोस्टची कड होती ती, खेळण्यातल्या आगगाडीच्या बोगद्यात सापडलेली. कधीपासून तिथं होती, देव जाणे. जॅमला बुरशीची लोकर फुटली होती.

तिर्झाबाईंनी ती कड दोन बोटांच्या चिमटीत, अंगापासून लांब धरून पिशवीत टाकली. पण शोधणाऱ्याला नाउमेद करायचं नाही, हे चौदा वर्षांच्या नोकरीनं त्यांना शिकवलं होतं. त्यांनी दहा तुकड्यांना मिळून वाजवल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या त्या एकट्या कडेला वाजवल्या, नाफ्तालीच्या मनगटावर ताऱ्याचा शिक्का उमटवला आणि वर्गाकडे वळून म्हणाल्या, "बघितलंत? म्हणून शोधायचं थांबायचं नाही. अजून एक असतोच."

अठरा तोंडांनी ते वाक्य घोकलं. बाईंना ते पुढं फार महागात पडायचं होतं.

एका टोस्टच्या कडेचा एवढा धसका घ्यायला कारण होतं. गुरुवारी, सुट्टी लागायच्या दिवशी, वर्गात मुलांचा सेदर व्हायचा होता. सणाच्या पहिल्या रात्री घरोघरी कथा सांगत जे जेवण होतं, त्याची ही सकाळच्या उजेडातली रंगीत तालीम, आजी-आजोबा पाहुणे. त्यात सगळ्यांत लहान पोरानं चार प्रश्न गाऊन विचारायचे आणि मोठ्यांनी उत्तर द्यायचं, अशी रीत. यंदा गायची पाळी ब्लूमाची होती, आणि ब्लूमाच्या पणजोबांनी, झेलिग आजोबांनी, यायचं कबूल केलं होतं.

झेलिग आजोबा एक्क्याण्णव वर्षांचे. पेसाहच्या दिवसांत स्वतःच्या घराबाहेर ते पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत, आणि ते नुसते जिन्यावर दिसले तरी कॉलफिल्ड या त्यांच्या उपनगरातल्या बायकांना आपल्या कपाटाची मागची बाजू आठवायची. गेल्या वर्षी ब्लूमाच्या मोठ्या भावाचं गाणं ऐकायला ते याच वर्गाच्या दारापर्यंत आले होते. आत शिरता शिरता त्यांनी भातुकलीच्या किटलीचं झाकण उचललं. आत अर्धं बिस्किट होतं. आजोबांनी झाकण परत बसवलं, टोपी सारखी केली आणि बाहेर जाऊन मोटारीत बसले. पोरानं खिडकीशी उभं राहून चार प्रश्न गायले, आजोबांनी मोटारीची काच खाली करून ते ऐकले. तो मुलगा अजून सांगायचा, "माझं गाणं पणजोबांनी रस्त्यावरून ऐकलं."

ब्लूमा पणतवंडांतली शेवटची. तिच्यामागे गाणारं कुणी नव्हतं. आजोबांनी फोनवर सांगितलं होतं, "येईन. पण खोली मी स्वतः बघेन."

तिर्झाबाईंनी तेव्हाच मनाशी नेम धरला की गुरुवारी त्या खोलीत किटलीत नाही, पेटीत नाही, फटीत नाही, कुठंच काही निघणार नाही. नेम त्यांनी कुणाला बोलून दाखवला नाही. बोलून दाखवलेला नेम अर्धा लोकांनी वाटून घेतलेला असतो. उरलेल्या अर्ध्यावर देव कसा प्रसन्न होणार?

सोमवारी दुपारी त्यांनी खेळायच्या मळलेल्या पिठाचे सगळे गोळे टाकून दिले आणि कुंभाराची माती आणली. मातीच्या सेदरच्या थाळ्या करायचं ठरलं. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. फेब्रुवारीत मुलांनी आपापल्या घरच्यांची चित्रं केली होती, आणि त्यांत जिथं जिथं केस होते तिथं तिथं मॅकरोनी चिकटवली होती. बाई शिडीवर चढल्या आणि उलथन्यानं अठरा कुटुंबांचं मुंडण केलं. ब्लूमाच्या चित्रात झेलिग आजोबांची छातीपर्यंत आलेली दाढी होती. ती खरवडताना ब्लूमा खाली उभी राहून बघत होती.

"पणजोबा आता कुणाचे पण वाटतायत," ती म्हणाली. बाईंनी तिला कापूस दिला.

मंगळवारी नऊ तुकडे सापडले. त्या दिवशी बाईंनी एकही लपवला नव्हता.

पहिला बाहुलीच्या उशीखाली, दुसरा ठोकळ्यांच्या डब्यात, तिसरा खेळण्यातल्या प्राण्यांनी भरलेल्या नोहाच्या तारवात जिराफाच्या जोडीच्या मधोमध. पहिल्या दोनांना बाईंनी टाळ्या वाजवल्या, तिसऱ्याला त्यांचे हात वाजले पण चेहरा वाजला नाही. चौथ्यापासून त्या स्वतःच गुडघ्यांवर आल्या. विजेरी घेऊन पियानोखाली शिरल्या, कपाट सरकवलं, कोडी उलटी केली. मुलं मातीच्या थाळ्या सोडून गोल करून बसली आणि बाईंचे पाय कुठून कुठं जातात ते एकाग्रतेनं बघत राहिली. वर्गात इतकी शांतता त्या वर्षात पहिल्यांदाच होती.

बाईंच्या जोडीला वर्गात राइसामावशी होत्या. बासष्टीच्या, ओडेसाहून आलेल्या, कशानंही न हलणाऱ्या. त्या कपाटाचं दुसरं टोक धरून म्हणाल्या, "आमच्या लहानपणी पाव नव्हता म्हणून आम्ही शोधायचो. इथं आहे म्हणून शोधतोय. शोधणं काही चुकत नाही बघ."

बाईंचा संशय छतावर होता. कौलांखाली पॉसमचं, मांजराएवढ्या एका निशाचर प्राण्याचं, बिऱ्हाड होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रात्री तो उतरत असेल, कुठून तरी पाव ओढून आणत असेल आणि हिवाळ्याची बेगमी म्हणून इथं दडवत असेल, अशी त्यांनी मांडणी केली.

"पॉसम टोस्टला जॅम लावतो?" राइसामावशींनी विचारलं.

"लावलेलाच उचलत असेल."

"आणि कागदात गुंडाळतो?" मावशींनी जिराफांमधला तुकडा पुढं धरला. तो हात पुसायच्या कागदात जमेल तसा गुंडाळलेला होता, वर चिकटपट्टी हातभर.

बाईंचा निश्चय मात्र कायम होता. त्यांनी त्याच दिवशी डबे खायची पंगत बाहेर आवारात नेली. डबे फाटकाशीच ठेवायचे, आत येताना खिसे उलटे करून दाखवायचे, असा नियम केला. एका मुलाच्या वडिलांनी घाईत स्वतःचेही खिसे उलटे केले. या सगळ्यात चंगळ झाली ती आवारातल्या काळ्या-पांढऱ्या मॅगपाय पक्ष्यांची. त्यातला एक तर इतका निर्ढावला की डब्याचं झाकण वाजलं की येऊन बाकावर बसायचा आणि पंगत वाढायची वाट बघायचा.

दुपारी मुख्याध्यापिका गितेलबाई डोकावल्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की बुधवारी तीन वाजता त्या खोली तपासतील आणि तपासल्यावर दाराला पट्टी लावून बंद करतील. तेव्हा एक जरी तुकडा निघाला तरी सेदर शेजारच्या डाळिंब वर्गात न्यावा लागेल. यात तसं भिण्यासारखं काही नव्हतं. पण डाळिंब वर्गात गालिचा होता आणि झेलिग आजोबांचा गालिच्यावर विश्वास नव्हता. ते उंबरा ओलांडणार नाहीत, हे तिर्झाबाईंना स्वच्छ दिसत होतं. पुन्हा मोटार, पुन्हा खाली केलेली काच.

संध्याकाळी सगळे गेल्यावर बाईंनी शेवटचा उपाय केला. पॉसमच्या पावलांचे ठसे घ्यायचे. त्यासाठी जमिनीवर पीठ भुरभुरायला हवं होतं. त्या पिठाचा डबा हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि त्यांना दरदरून घाम फुटला. खमिराचा चोर पकडायला त्या वर्गभर गव्हाचं पीठ पसरणार होत्या. डबा त्यांनी दोन्ही हातांनी धरून, श्वास रोखून, जसा आणला तसा बाहेर नेला. मग घरी जाऊन सणासाठी आणलेलं बटाट्याचं पीठ घेऊन आल्या आणि दारापासून पियानोपर्यंत चाळणीनं पांढरा थर धरला.

बुधवारी त्या साडेसातला हजर झाल्या. थर जसाच्या तसा होता. पॉसमचं पाऊल नाही, उंदराचं शेपूट नाही. बाई उकिडव्या बसून बराच वेळ त्या कोऱ्या जमिनीकडे बघत राहिल्या. चोर रात्रीचा नव्हता, म्हणजे दिवसाचा होता. त्या फडकं आणि बादली आणायला मागं गेल्या, तेवढ्यात पुढचं दार राइसामावशींनी नेहमीच्या वेळेला उघडलं आणि अठरा मुलं आत आली.

बाई बादली घेऊन परत आल्या तर जमिनीनं सगळं सांगून टाकलं होतं. दारातून बुटांच्या अठरा जोड्या आत आल्या होत्या. दप्तरांच्या खुंट्यांपाशी त्या एकत्र जमल्या होत्या. तिथून मात्र एकेक जोडी सुटी होऊन निघाली होती. एक सरळ पियानोकडे, एक भातुकलीकडे, दोन तारवाकडे, एक कचऱ्याच्या टोपलीला वळसा घालून पुस्तकांच्या मागं. प्रत्येक वाट एखाद्या फटीपाशी जाऊन थांबली होती आणि तिथून मागं फिरली होती. मुलं आपापल्या जागी मांडी घालून बसली होती, तोंडं धुतल्यासारखी निरागस. नाफ्तालीच्या एका मोज्यातून लोण्याचा ओघळ आला होता.

"नाफ्ताली, मोज्यात काय होतं?"

"आता काही नाही," तो खरं बोलला.

बाई खाली बसल्या, पिठातच. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी हळू विचारलं की हे कुणी सुरू केलं. कुणीच सुरू केलं नव्हतं. सगळ्यांनी केलं होतं. ब्लूमानं पुढं सरकून बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला, मोठ्या माणसांनी आजाऱ्याच्या अंगावर ठेवावा तसा.

"तुम्ही म्हणता ना, अजून एक असतोच," ती म्हणाली. "मग आम्ही ठेवतो."

"पण का गं?"

"तुम्ही दिवसभर शोधता. पियानोखालीसुद्धा. नाही सापडलं तर तुम्हाला रडू येईल."

राइसामावशींनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. तिर्झाबाईंना हसू आलं नाही. आपण दोन दिवस कुणाला काय शिकवत होतो, ते त्यांना एकदम दिसलं: टाळ्या कशाला वाजल्या, शिक्का कशावर मिळाला, बाई गुडघ्यावर कशानं आल्या. मुलांनी चोख अभ्यास केला होता.

रागावण्यात अर्थ नव्हता आणि तीन वाजायला सहा तास होते. बाईंनी पदर खोचायच्या आवेशात अस्तन्या वर केल्या. लपवलेलं कुठं आहे ते ज्यानं त्यानं दाखवायचं, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा असं निघालं की स्वतःचं कुणालाच आठवत नाही, पण दुसऱ्यांचं सगळ्यांना आठवतं. अकरापर्यंत चोवीस तुकडे पिशवीत आले. नाफ्तालीनं चार ठेवले होते, सापडत होते तीन. पाऊण तास सगळा वर्ग त्या चौथ्यामागं लागला. शेवटी राइसामावशींनी त्याला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा कळलं की तो त्यानं कालच खाल्ला होता. शोधता शोधता भूक लागली म्हणून.

मग बाईंनी खेळच उलटा केला. त्यांनी सांगितलं की आता शेवटची फेरी, आणि या फेरीत ज्याला काहीच सापडणार नाही तो जिंकला.

मुलांना हे पटायला वेळ लागला. पण एकदा पटल्यावर त्यांनी इतक्या श्रद्धेनं शोधलं की विचारू नका. प्रत्येक फट पिसानं झाडली, रिकामा चमचा दोन्ही हातांनी सांभाळत, न हिंदकळू देता बाईंपर्यंत आणला आणि पिशवीत उपडा केला. अठरा 'काही नाही' जमा झाले. नाफ्तालीचं म्हणणं, त्याचं 'काही नाही' सगळ्यांत मोठं होतं. बाईंनी ते मान्य केलं आणि टाळ्या वाजवल्या.

तीन वाजता गितेलबाई आल्या, चष्मा लावून तासभर फिरल्या, आणि दाराला पट्टी लावून गेल्या.

गुरुवारी सकाळी साडेनऊला आजी-आजोबा जमले. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसल्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीला टेकले होते. टेबलावर मातीच्या थाळ्या, द्राक्षाचा रस, आणि ज्यात खमीर नाही ती कडक, सपाट भाकर, मात्झा, मुलांनी बेडूक रंगवलेल्या रुमालाखाली झाकलेली.

झेलिग आजोबा सर्वांत शेवटी आले. काठी, काळी टोपी, आणि शब्बाथला, शनिवारच्या प्रार्थनेला, सिनेगॉगमध्ये घालायचा लांब काळा कोट. गुरुवारी कुणी तो कोट घालत नाही. पण पणतीचं गाणं होतं, आणि त्यांच्याकडे त्याहून चांगलं काही नव्हतं.

त्यांनी कुणाला नमस्कार केला नाही, आधी काम. किटलीचं झाकण उचललं. तारवातून जिराफ एकेक करून बाहेर काढले आणि परत ठेवले. पियानोचं झाकण उघडून पट्ट्यांवरून बोट फिरवलं. पियानो दीनवाणा वाजला. बाहुलीची उशी दाबून बघितली. भिंतीवरच्या चित्रासमोर ते थांबले आणि कापसाची दाढी बघून त्यांनी आपली चाचपली. मग त्यांनी तिर्झाबाईंकडे बघितलं आणि एकच शब्द उच्चारला.

"चोख."

आणि ते बुटक्या खुर्चीवर बसले. तिर्झाबाईंनी लगेच रसाचे पेले भरायला घेतले.

सेदर सुरू झाला. रस झाला, मिठाच्या पाण्यात पाला बुडवून झाला, आणि ब्लूमा स्टुलावर चढली. आजची रात्र इतर रात्रींहून निराळी का, असं तिनं विचारायचं होतं. सकाळचे दहा वाजले होते, पण त्यानं काही अडत नव्हतं. तिनं तोंड उघडलं, समोरची पन्नास माणसं बघितली आणि तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. आवाज नाही.

मग ती स्टुलावरून उतरली आणि सरळ पणजोबांकडे गेली. सिनेगॉगमध्ये दर शब्बाथला सगळी पोरं जे करतात तेच तिनं केलं. झेलिग आजोबा तिथले गोळ्या वाटणारे आजोबा होते. प्रार्थना लांबली, रडू आलं, भीती वाटली की पोरांनी त्यांच्या काळ्या कोटाच्या खिशात हात घालायचा, ही पन्नास वर्षांची वहिवाट. ब्लूमानं हात घातला आणि बाहेर काढला.

तिच्या मुठीत बिस्किट होतं. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेनंतर वाटतात ते साखर लावलेलं, खुसखुशीत, गव्हाचं. अर्धं मुठीत, अर्ध्याचा चुरा चकचकीत पुसलेल्या जमिनीवर.

गितेलबाईंनी डोळे मिटले. तेवढ्यात नाफ्ताली आनंदानं उठून उभा राहिला.

"बाई, सापडला. अजून एक होताच."

आणि अठरा मुलांनी टाळ्या वाजवल्या, शिकवल्याप्रमाणे.

झेलिग आजोबा बिस्किटाकडे बघत होते. सणाआधी घरातल्या प्रत्येक कपड्याचा प्रत्येक खिसा उलटा करून झटकायचा असतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? साठ वर्षं त्यांच्या घरात ते झटकले जात होते. झटकणारे हात त्यांचे नव्हते. त्यांची बायको, ब्रोनिया आजी, जाऊन तीन वर्षं झाली होती.

"खिसे ती बघायची," ते म्हणाले. कुणाला, ते कळलं नाही.

मग त्यांनी काठी घेतली, टोपी सारखी केली आणि ते उठले. माझ्यामुळे खोली बिघडली, ते म्हणाले. तुम्ही पुन्हा झाडून घ्या, चालू द्या, मी मोटारीत बसून ऐकतो. मागच्या वर्षी ऐकलं तसं.

ब्लूमाचा ओठ थरथरायला लागला. पण तोवर तिर्झाबाई दारात जाऊन उभ्या होत्या. हातात लाकडी चमचा, पीस आणि कागदी पिशवी. आवाज त्यांचा नेहमीइतकाच खाली होता, फक्त वाटेतून हलायचं त्यांच्या मनात दिसत नव्हतं.

"खोली चोख आहे, आजोबा. तुम्हीच म्हणालात. कोटाचं काय ते बघू."

"कोट माझा आहे."

"म्हणूनच. हात वर करा."

एक्क्याण्णव वर्षांच्या माणसाला कॉलफिल्डमध्ये असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी बाईंकडे बघितलं, बाईंनी त्यांच्याकडे. मग त्यांनी काठी राइसामावशींकडे दिली आणि दोन्ही हात वर केले. बाईंनी मुलांना मान हलवून खूण केली.

अठरा पिसं कामाला लागली. आतला खिसा, बाहेरचा खिसा, अस्तराचं भोक. ट्रामचं एक तिकीट निघालं, चार लिमलेटच्या गोळ्या, कानयंत्राच्या बटणाएवढ्या बॅटऱ्या, धुऊन धुऊन भूत झालेला एक हातरुमाल, आणि बिस्किटाचा चुरा, अनेक शब्बाथांचा, थरांनी साचलेला. मुलं चमच्यात लोटत होती, पिशवीत भरत होती, कुणीही हसत नव्हतं. एवढं गंभीर काम त्यांनी उभ्या आठवड्यात केलं नव्हतं. हसले ते झेलिग आजोबा. पिसं काखेपर्यंत पोचल्यावर त्यांना राहवेना. आधी दाढी हलली, मग खांदे, आणि मग त्यांना डोळे पुसायला हातरुमाल हवा झाला, जो पिशवीत गेला होता.

पिशवी बाहेर गेली. कोट काढून राइसामावशींनी आवारातल्या लिंबोणीच्या फांदीला टांगला. जमीन झाडून, पुसून झाली. मग आजोबांनी नुसत्या शर्टावर उभं राहून, सण येताना घरोघरी म्हणतात ते वचन म्हटलं: जे खमीर माझ्या नजरेला पडलं आणि जे पडलं नाही, ते माझं राहिलं नाही, मातीमोल झालं. लहानपणापासून पाठ होतं त्यांना. 'पडलं नाही' या शब्दांपाशी ते या वेळी जरा थांबले.

"बस आता," ते ब्लूमाला म्हणाले. "नाही, बसू नको. उभी राहा. गा."

गोळी नव्हती, खिसाही नव्हता. ब्लूमानं पणजोबांचा अंगठा धरला आणि स्टुलावर न चढताच गायली. तिसऱ्या प्रश्नाला तिचा सूर भलतीकडे गेला. आजोबांनी तो तिकडेच जाऊन गाठला आणि दोघं मिळून चौथ्यापर्यंत आली. गेल्या वर्षी आत गाणं आणि बाहेर आजोबा होते. यंदा बाहेर कोट होता.

तिर्झाबाई खिडकीशी उभ्या राहून ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांची नजर आवारात गेली. लिंबोणीवर तो निर्ढावलेला मॅगपाय बसला होता. त्यानं मान तिरकी करून कोटाकडे बघितलं, घसरत खाली आला, आणि छातीजवळच्या कुठल्याशा छोट्या, कुणालाच न सुचलेल्या खिशात चोच घातली. चोच बाहेर आली तेव्हा तिच्यात काहीतरी होतं, उन्हात साखरेसारखं चमकणारं.

राइसामावशी बाईंच्या कानाशी वाकल्या. "अजून एक होताच."

बाईंचा हात सवयीनं चमच्याकडे गेला होता. त्यांनी तो चमचा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, पडदा वीतभर ओढून घेतला आणि चार प्रश्नांचं उत्तर द्यायला सगळ्यांबरोबर जाऊन बसल्या.